फटफटीवर पिल्लू न्यायचं तर



आज आपण एका लहानशा गोष्टीविषयी बोलणार आहोत. गोष्ट लहान खरी. पण तिच्यापायी माणसांची हाडं मोडतात आणि मुका जीव रस्त्यावर मरतो. म्हणून ती नीट समजून घेऊ.

आता गावात बैलगाड्या थोड्या आणि फटफट्या फार झाल्या आहेत. शहरातले लोक मोटारसायकल म्हणतात. आपले म्हातारे अजून फटफटीच म्हणतात, आणि आम्हालाही तोच शब्द गोड वाटतो. दूध घालायचं तर फटफटी. बाजाराला जायचं तर फटफटी. लग्नाला जायचं तरी तीच. मग घरचं कुत्रं दवाखान्यात कशावर न्यायचं? एवढ्याशा पिल्लासाठी जीपचं भाडं परवडत नाही. रिक्षावाला नाक मुरडतो. राहता राहिली फटफटी.

इथे कुणी विचारील, कुत्र्याला दवाखाना कशाला? आपल्या वाडवडिलांनी कधी नेलं होतं का?

नेलं नव्हतं, हे खरं. पण पिसाळलेलं कुत्रं चावून माणसं मेली, हेही त्यांनी पाहिलं होतं. या रोगाला रेबीज म्हणतात. तो एकदा अंगात उठला, की जवळजवळ कुणीच वाचत नाही. मोठा डॉक्टर असो की मोठं इस्पितळ असो. मात्र रोग उठण्याआधी लस टोचली तर तो टळतो. लुई पाश्चर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८५ साली ही लस पहिल्यांदा माणसाला दिली. तो २८ सप्टेंबरला वारला. त्याची आठवण म्हणून तो दिवस जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात. त्या सुमारास पुष्कळ ठिकाणी कुत्र्यांना लस टोचण्याची शिबिरं भरतात.

माणसाला चावणारं कुत्रं बहुतेक वेळा आपल्याच गल्लीतलं असतं. म्हणून कुत्र्यालाच लस टोचली, की घरातली पोरंबाळं राखली जातात. पिल्लू तीन महिन्यांचं झालं, की पहिली लस. दुसरी डॉक्टर सांगतील तेव्हा. मग दर वर्षी. म्हणजे वर्षातून एकदा तरी ही वारी आलीच. तीन महिन्यांचं गावठी पिल्लू चार-पाच किलोचं असतं. तेव्हा त्याला नीट न्यायला शिकवलं, तर मोठेपणी ते तुम्हाला त्रास देत नाही.

आता लोक पिल्लू कसं नेतात ते पाहू.

कुणी टाकीवर बसवतो. कुणी सदऱ्याच्या आत घालून वरून गुंड्या लावतो. कुणी पिशवीत घालून पिशवी हँडलला अडकवतो. कुणी खताच्या रिकाम्या गोणीत घालतो, मुंडकं बाहेर काढतो आणि गळ्याशी सुतळी बांधतो. कुणी मागं बसलेल्या पोराच्या हातात देतो. स्कूटर असेल तर पायांच्या मधे उभं करतो.

यातला प्रत्येक जण म्हणतो, “इतकी वर्षं नेतोय, काही झालं नाही.” झालं नाही तोवर झालं नाही. एका गावी काय झालं ते सांगतो. माणसाचं नाव सांगत नाही.

एक तरणाबांड शेतकरी. पिल्लू सदऱ्याच्या आत घेऊन निघाला. रस्ता ओळखीचा, वेगही बेताचा. वळणावर मागून दुधाचा टेम्पो आला आणि त्याने मोठा हॉर्न दिला. पिल्लू दचकलं आणि सदऱ्यातून वर चढू लागलं. त्याची नखं छातीला ओरबाडू लागली. गड्याचा डावा हात हँडल सोडून छातीशी गेला. तेवढ्यात पुढचं चाक खडीवर चढलं. गाडी आडवी झाली. गड्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. पिल्लू त्याच्या अंगाखाली सापडलं, ते गेलं. इस्पितळात भेटायला आलेल्यांना तो एवढंच म्हणत होता, “मी हात काढला नाही हो. हात आपोआप गेला.”

मंडळी, या सगळ्या विषयाचं मर्म त्याच्या बोलण्यात आहे. हात आपोआप जातो. आपलं म्हणून जे असतं ते पडू लागलं, की हात विचारून जात नाही. फटफटीवर तर दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामाला लागलेले असतात. उजव्या हातात पुढचा ब्रेक आणि वेग. डाव्या हातात क्लच. उजव्या पायाखाली मागचा ब्रेक. डाव्या पायाखाली गिअर. पिल्लाला धरायला पाचवा अवयव देवाने दिलेला नाही. म्हणून पिल्लू असं ठेवायचं, की वाटेत त्याला हात लावायची वेळच येऊ नये. सगळं काम किक मारायच्या आधीचं.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याच्या कलम १२५ मध्ये सांगितलं आहे, की गाडी चालवणाऱ्याला अडथळा होईल अशा तऱ्हेने कुणालाही बसू देऊ नये आणि कोणतीही वस्तू ठेवू नये. टाकीवरचं कुत्रं हा अडथळाच. ते हँडल पुरतं वळू देत नाही. दुसरा कायदा १९६० सालचा, प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये म्हणून केलेला. जनावराला विनाकारण वेदना होतील अशा रीतीने गाडीवरून नेणं, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. रक्कम ऐकून हसू येईल. १९६० साली दहा रुपयांत घरचा बाजार होत असे. रक्कम तेव्हाची राहिली आणि भाव आजचे झाले. पण आम्ही दंडाच्या भीतीने सांगत नाही.

आता वेगाचा थोडा हिशेब करू. गाडी तासाला ४० किलोमीटरने चालली आहे. आपल्याला हा वेग काहीच वाटत नाही. पण या वेगाने गाडी एका सेकंदात ३६ फूट पुढे जाते. ती एकदम कशावर आदळली, तर वरच्या जीवाला बसणारा मार सुमारे २० फुटांवरून पडल्याएवढा असतो. म्हणजे दोन मजली घराच्या गच्चीवरून खाली पडल्यासारखं. हातात धरलेलं पिल्लू अशा वेळी हातात राहत नाही. कितीही बळकट गडी असो.

आणि ज्या पोराच्या हातात पिल्लू दिलं असेल, त्याचं तर विचारूच नका. पोर म्हणतं, “मी धरतो, मी घट्ट धरतो.” आणि खरोखरच घट्ट धरतं. गाडी उसळली तरी ते पिल्लू सोडत नाही, बापाचा सदरा सोडतं. म्हणून आयाबायांनो, त्या दिवशी पोर कितीही रडलं तरी त्याला घरी ठेवा. लस टोचून आल्यावर पिल्लाशी खेळेल म्हणावं.

मग न्यायचं कसं? टोपलीत. झाकणाच्या आणि पक्क्या बांधलेल्या टोपलीत.

त्यासाठी बाजारातून महागडी पेटी आणायला नको. टोमॅटो भरायचं प्लास्टिकचं क्रेट तुमच्या घरी असेल, नाही तर शेजारी असेल. ते चांगलं. तळ मजबूत असतो आणि बाजूंनी हवा खेळते. बुरडाची वेळूची डालगी असेल, तर तीही चालेल. पण तिच्या काड्या मोडून आत टोचत नाहीत ना, ते हाताने चाचपून पाहावं. पुठ्ठ्याचं खोकं मात्र घेऊ नये. पिल्लू भ्यालं की मुततं. पुठ्ठा भिजतो, तळ सुटतो आणि पिल्लू मागच्या चाकावर.

टोपली केवढी असावी? पिल्लाला आत बसता यावं, वळता यावं, निजता यावं. त्याहून फार मोठी नको. मोठ्या टोपलीत ते प्रत्येक खड्ड्याला इकडून तिकडे आपटतं. तळाशी गोणपाटाची दुहेरी घडी घाला. क्रेटच्या भोकांतून पंजा बाहेर निघतो. म्हणून आतून तिन्ही बाजूंना खालच्या अर्ध्या भागापर्यंत गोणपाट शिवून टाका. चालवणाऱ्याच्या पाठीकडची बाजू वरपर्यंत शिवा. नाही तर वाऱ्याने धूळ आणि बारीक खडे पिल्लाच्या डोळ्यांत जातात. झाकण जाळीचं करा. तारेची जाळी असेल, तर तिची टोकं बाहेरच्या बाजूला वळवा. झाकण चारी कोपऱ्यांना बांधा. दोनच बांधले तर पिल्लू मधून डोकं काढतं, आणि डोकं निघालं की अंग निघतं.

टोपली ठेवायची ती मागच्या सीटवर, चालवणाऱ्याच्या पाठीला लागून. मागच्या कॅरेजवर अगदी टोकाला नको. वजन मागे गेलं की पुढचं चाक हलकं पडतं आणि गाडी हातात राहत नाही. दूध घालणाऱ्या मंडळींना हे सांगायला नको. एका बाजूचा कॅन भरलेला आणि दुसरा रिकामा, असं झालं की काय होतं ते त्यांना ठाऊक आहे.

बांधायला जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या फार चांगल्या. एक पट्टी आडवी, दोन तिरक्या. मग टोपली धरून जोराने हलवून पाहा. टोपलीबरोबर गाडी हलली पाहिजे. नुसती टोपली हलली, तर पुन्हा बांधा. पट्ट्यांची मोकळी टोकं लोंबत ठेवू नका. साडीचा पदर चाकात गेल्यावर काय होतं ते आपण ऐकून आहोत. दोरीचंही तेच होतं.

आता पट्ट्याविषयी. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असतोच. त्याला दोरी लावून ती गाडीला बांधणं, हे सगळ्यात वाईट. पिल्लाने उडी मारली, की ते गळ्याला लटकतं. त्यापेक्षा छातीपट्टा करा. टांग्याचा घोडा पाहिलेल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. त्याच्या ओढीचा पट्टा गळ्याला नसे, छातीवरून जात असे. खाटेची दोन बोटं रुंद सुती नवार घ्या. एक वेढा मानेच्या बुडाशी, सैल. दुसरा पुढच्या पायांच्या मागून बरगड्यांवरून. पाठीवर आणि छातीखाली दोन्ही वेढे एका पट्टीने जोडून शिवा. पट्टीखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. तीन सरकली तर ढिला आणि एकच सरकलं तर आवळ. झाकण पक्कं असेल तर टोपलीत पिल्लाला बांधायची गरज नाही. छातीपट्टा नुसता अंगात असू द्या. तो कशाला, ते पुढे सांगतो.

टोपली झाली म्हणून लगेच पिल्लू कोंबून निघू नका. अनोळखी पेटीत कोंडलं तर माणूससुद्धा ओरडेल. आठ दिवस आधी टोपली अंगणात ठेवा. आत भाकरीचा तुकडा टाका. पिल्लू आपल्या पायाने आत जाईल, खाईल, बाहेर येईल. दोन दिवसांनी झाकण क्षणभर लावा. मग टोपली गाडीवर ठेवा, गाडी बंद. मग उभ्या गाडीचं इंजिन सुरू करा. मग गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी. दर वेळी भाकरीचा तुकडा चुकवू नका. आठव्या दिवशी ते टोपली पाहून शेपूट हलवतं. बैलाला औताला लावतानाही आपण घाई करत नाही, तसंच हे.

निघण्याआधी दोन-तीन तास खायला देऊ नका. भरल्या पोटी गाडी लागते आणि पिल्लू ओकतं. पाणी द्यावं. थोडं फिरवून आणावं, म्हणजे शी-शू होऊन जाते. काही लोक पिल्लू गप्प राहावं म्हणून दारूचा घोट पाजतात, नाही तर माणसाची झोपेची गोळी देतात. हे विष घालण्यासारखं आहे. डॉक्टरने सांगितल्याशिवाय काही पाजू नका.

उन्हाची गोष्ट जरा सावकाश ऐका, कारण यात पिल्लं मुकाट्याने मरतात. आपल्याला घाम येतो आणि अंग थंड होतं. कुत्र्याला अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकतं, तेच त्याचं घाम येणं. त्याचं अंग मुळातच आपल्याहून गरम. आपलं साडेअठ्ठ्याण्णव, तर त्याचं १०१ ते १०२. ते १०५ च्या वर गेलं की जिवावर बेततं. वैशाखातलं ऊन, खाली इंजिनाची धग आणि गोणीत कोंडलेला जीव, मग दुसरं काय होणार? म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर निघावं. गोणपाट पाण्याने ओलं करावं. वर पातळ सुती कापड टाकावं, पण बाजूंची हवा झाकू नये. लांब जायचं असेल तर अर्ध्या तासाने सावलीत थांबून पाणी दाखवावं. धापा थांबत नाहीत, तोंडाला फेस येतो, पाय लटपटतात, असं दिसलं तर पुढे जाऊ नका. सावलीत निजवा, पोटावर आणि पायांवर साधं पाणी घाला, वारा घाला. बर्फाचं पाणी नको. जरा सावरलं की दवाखाना गाठा.

चपट्या तोंडाचं ते पग जातीचं कुत्रं आता गावातही दिसतं. टीव्हीवर एका फोन कंपनीच्या जाहिरातीत ते पोराच्या मागं मागं फिरत असे. तेव्हापासून ते घरोघर पोचलं. दिसायला गमतीचं, पण बिचाऱ्याला नाकच नाही. धाप लगेच लागते. त्याला भर उन्हात फटफटीवर नेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रस्त्यावर वेग बेताचा ठेवा. तीस-पस्तीस पुष्कळ झाला. गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबवूनच चढवा. तुमच्या बुडाखाली सीटची गादी आहे, पिल्लाखाली नुसतं गोणपाट. हेल्मेट घाला. टोपली पिल्लाला राखते, तुमचं डोकं राखत नाही.

आणखी एक गोष्ट वाटेतल्या गावांतली. तुमच्या टोपलीतल्या कुत्र्याचा वास त्या गावच्या कुत्र्यांना लांबून येतो. चार-पाच कुत्री भुंकत मागं लागतात. अशा वेळी माणूस काय करतो? वेग वाढवतो, नाही तर पाय झाडतो. दोन्ही चूक. पळणाऱ्यामागे कुत्रं जास्त पळतं, आणि एक पाय उचलला की गाडीचा तोल जातो. उलट वेग कमी करा आणि सरळ चालत राहा. त्यांची हद्द संपली की ती आपण होऊन थांबतात. कुत्र्यांच्याही शिवा ठरलेल्या असतात, आणि आपल्यासारखे त्यांचे बांधावरचे तंटे कोर्टात जात नाहीत.

बरोबर दुसरा माणूस असेल तर? फटफटीवर चालवणाऱ्याच्या मागं एकच माणूस बसवावा, असा कायदा आहे. टोपलीने सीट अडवली तर त्यालाही जागा उरत नाही. पिल्लू अगदी लहान असेल आणि दवाखाना जवळ असेल, तर मागच्या माणसाने ते झोळीत घ्यावं. जाड धोतराची किंवा साडीची झोळी खांद्यावरून छातीशी बांधावी. पिल्लाचे चारी पाय झोळीत आणि छातीपट्ट्याची दोरी झोळीच्या गाठीला. मागं बसणाऱ्याने दोन्हीकडे पाय टाकून बसावं. एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईने पिल्लू घेऊ नये. तिला स्वतःला धरायलाच एक हात लागतो. आणि पिल्लाचा पाय सायलेन्सरला लागला तर कातडी सोलून निघते. तरीही टोपली ती टोपलीच. झोळी म्हणजे नाइलाज.

काही कुत्री मात्र फटफटीवर न्यायचीच नाहीत. ज्याचं हाड मोडलं आहे, पाठीला मार लागला आहे, ते फळीवर निजवून छोटा हत्ती किंवा रिक्षा यांतून न्या. दुखणाईत कुत्रं धन्यालाही चावतं, हे लक्षात ठेवा.

आणि एक फार मोठी गोष्ट. कुत्र्याची लाळ गळते आहे, आवाज बदलला आहे, घास गिळवत नाही, जबडा लोंबतो आहे. अशा वेळी घरचे म्हणतात, “घशात हाड अडकलं असेल.” आणि बोटं घालून पाहतात. मंडळी, असं कधी करू नका. ते पिसाळलेलं असू शकतं. त्याला गाडीवर घेऊ नका, कुशीत घेऊ नका. एका खोलीत कोंडा आणि गुरांच्या डॉक्टरांना फोन करा. चावलं, ओरबाडलं किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. चुना नको, हळद नको, तिखट नको. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. माणसाची लस तिथे फुकट मिळते. डॉक्टर जितक्या वेळा बोलावतील तितक्या वेळा जा. दोन सुया घेऊन थांबलेला माणूस पुरता वाचला असं समजू नका.

आता दवाखाना आला. इथेच छातीपट्ट्याचं काम. बाहेर गुरं असतात, दुसरी कुत्री असतात, गलका असतो. झाकण उघडलं की पिल्लू सुसाट पळतं, आणि परगावी पळालेलं पिल्लू सापडत नाही. म्हणून झाकणाचा एकच कोपरा सोडा. आत हात घाला. आधी छातीपट्ट्याला दोरी लावून ती मनगटाला गुंडाळा. मग बाकीचे तीन कोपरे सोडा.

लस टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. एखाद्या पिल्लाचं तोंड सुजतं, एखादं ओकतं. डॉक्टर जवळ असले तर लगेच उपाय करतात. एक कार्ड मिळतं. त्यावर पुढची तारीख लिहिलेली असते. ती तिथेच वाचून पाहा. अक्षर लागत नसेल तर डॉक्टरांना पुन्हा लिहायला सांगा. आता तुम्हाला वाचता येतं, विचारायला संकोच नको.

आम्ही एक क्रेट, नवार आणि ट्यूबच्या पट्ट्या बरोबर आणल्या आहेत. बाहेर कुणाची तरी फटफटी उभी असेल. किल्ली द्या आणि चार जण पुढे या. बांधून दाखवतो. मग तुम्ही सोडून पुन्हा बांधा.